सामायिक संगणक : वाटणी आणि पुनःस्थापना

१. प्रश्नाचे स्वरूप

बिघडलेला संगणक पूर्वस्थितीला आणणे हा एक विषय आणि एकच संगणक अनेकांनी मिळून वापरणे हा दुसरा विषय, अशी विभागणी संगणकाच्या शिक्षणात सामान्यतः केलेली आढळते. पहिला विषय दुरुस्तीच्या सदरात जातो, दुसरा व्यवस्थापनाच्या. तालुक्याच्या गावातील संगणकांची स्थिती पाहिली म्हणजे मात्र ही विभागणी टिकत नाही.

अकोल्याच्या दक्षिणेस, वाशीमच्या वाटेवर असलेले पातूर हे असेच एक तालुक्याचे गाव. अशा गावातील शाळेचा संगणक-कक्ष, महाविद्यालयाचे ग्रंथालय, ग्रामपंचायत किंवा ‘आपले सरकार’ सेवा केंद्र यांतील यंत्र क्वचितच एका व्यक्तीच्या मालकीचे व वापराचे असते. त्याच कळफलकावर दिवसातून अनेक हात पडतात. जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांची गर्दी होते. खरिपाच्या पेरण्या आटोपल्या की पीकविम्याच्या अर्जांची मुदत जवळ येते. २०१७ साली राज्य शासनाने कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज मागविले, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांना अशाच केंद्रांपुढे रांगा लावाव्या लागल्या. मुदतीच्या अखेरच्या दिवशी यंत्र बंद पडले, तर त्याची किंमत यंत्राच्या मालकाला द्यावी लागत नाही. ती रांगेत उभ्या असलेल्या माणसाला द्यावी लागते.

अशा वेळी कारागीर बोलावला जातो. तो हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवितो आणि तासा-दोन तासांत यंत्र पूर्वीपेक्षाही चपळ चालू लागते. काम झाले असे सर्वांना वाटते. पुढे आठवडाभरात एकाला आपल्या प्रबंधाची दोन प्रकरणे सापडत नाहीत, दुसऱ्याला वर्षभराच्या पावत्या मिळत नाहीत. तिसऱ्याचे कागद सापडतात, पण ते उघडण्यास यंत्र नकार देते. यंत्र सुरू झाले हे खरे. ते पूर्वस्थितीला आले असे म्हणता येईल काय?

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. सामायिक संगणकाच्या बाबतीत ‘पुनःस्थापना’ या शब्दाचा अर्थ यंत्र चालू होणे एवढाच घेता येत नाही. कोणते कागद कोणाचे, कोणास काय करण्याचा अधिकार आणि ते कोणी ठरवावयाचे, या गोष्टी पुन्हा जशाच्या तशा सांगता येणे म्हणजे पुनःस्थापना. म्हणून ज्या यंत्रावर वाटणी नीट झालेली नाही, त्याची पुनःस्थापना तत्त्वतःच अपुरी राहते.

२. वाटणीचा उगम

प्रारंभीचे संगणक इतके महाग होते की ते अनेकांनी वाटून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि इतर संस्थांतील संशोधकही आपली गणिते छिद्रित पत्रांवर नोंदवून तेथे सोडवून घेऊ लागले. येथील वाटणी रांगेच्या तत्त्वावर होती. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू होई, आणि दोन वापरकर्त्यांमधील भिंत म्हणजे पत्रांचे गठ्ठे वेगवेगळे ठेवणारा यंत्रचालक होय.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली निराळी पद्धती दाखविली. सीटीएसएस या त्यांच्या प्रणालीत अनेक जण वेगवेगळ्या टंकयंत्रांपुढे एकाच वेळी बसत. यंत्र प्रत्येकाला आळीपाळीने वेळेचा अत्यंत लहान तुकडा देई, आणि संपूर्ण यंत्र आपल्याच सेवेत आहे असा भास प्रत्येकाला होई. यंत्रचालकाची भिंत आता नाहीशी झाली होती. तिच्या जागी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र दालन आणि परवलीचा शब्द अशी तर्काची भिंत उभारावी लागली.

ही भिंत किती नाजूक असते याचा अनुभव लवकरच आला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याला आलेला यंत्रकाल पुरत नाही म्हणून, सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची फाईल छापून मिळावी अशी विनंती छिद्रित पत्राद्वारे यंत्राला केली. यंत्राने ती निमूटपणे पुरी केली. १९६६ साली याहून बोधप्रद घटना घडली. त्या प्रणालीत मजकूर दुरुस्त करणारा संपादक-कार्यक्रम काम चालू असताना एका तात्पुरत्या फाईलचा उपयोग करी, आणि त्या फाईलचे नाव ठराविक असे. प्रत्येक वापरकर्ता आपापल्या दालनात काम करीत असल्यामुळे यात धोका दिसत नव्हता. परंतु प्रशासकांचे दालन मात्र सामायिक होते, आणि पूर्वी एकाने करावयाचे काम पुढे एकाहून अधिक जण करू लागले होते. एके दिवशी एक प्रशासक त्या दिवसाची सूचना लिहीत असता दुसरा परवलीच्या शब्दांची फाईल दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाईलींची अदलाबदल झाली. आणि जो कोणी यंत्रात प्रवेश करी त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले.

कॉर्बातो यांना १९९० सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी व्याख्यानात ही हकीकत सांगितली होती. सामान्य वापरकर्त्यांची दालने वेगळी होती, म्हणून त्यांच्यात असा घोटाळा झाला नाही. ज्यांच्या हाती सर्वाधिक अधिकार होते त्यांचेच दालन एक होते, आणि बिघाड नेमका तेथे उद्भवला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३. भिंती नसलेले घर

वैयक्तिक संगणक आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी ही सर्व भिंतव्यवस्था अनावश्यक मानली. एका माणसाच्या यंत्रात भिंती कशाला, असा तो विचार होता. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींत नाव व परवलीचा शब्द विचारणारी चौकट दिसे. पण ती रद्द करूनही यंत्रात प्रवेश मिळे. त्यांच्या फॅट या फाईलव्यवस्थेत कोणती फाईल कोणाची हे नोंदविण्याची सोयच नव्हती. १९९३ साली निघालेल्या विंडोज एनटीमध्ये ती सोय होती, आणि २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ती घराघरांत पोहोचली. तथापि एक्सपी बसविताना तयार होणारी खाती प्रशासकाच्याच दर्जाची असत. विंडोज व्हिस्टाने प्रत्येक मोठ्या बदलापूर्वी अनुमती विचारण्याची पद्धत आणली. तिचा वापरकर्त्यांना इतका कंटाळा आला की अनेकांनी ती बंदच करून टाकली.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि त्याद्वारे लक्षावधी लोकांनी संगणकाचे पहिले धडे घेतले. म्हणजे राज्यातील संगणकसाक्षरतेचा विस्तार ज्या काळात झाला, तो सर्वाधिकारी खात्यावरच रोजचे काम करण्याचा काळ होता. सामायिक यंत्रावर एकच खाते, त्याला परवलीचा शब्द नाही किंवा असला तर भिंतीवर चिकटविलेला, आणि सर्वांचे कागद पडद्याच्या दर्शनी भागावर पसरलेले, असे जे दृश्य आजही दिसते, त्याची मुळे या सवयीत आहेत. घर एकाचे म्हणून बांधले गेले. राहावयास मात्र दहा जण आले.

४. बिघाड कोणाचा?

बिघाडाच्या निदानासाठी संगणकाचे तीन थर कल्पिणे सोयीचे असते. तळाशी यंत्रसामग्री, म्हणजे हार्ड डिस्क, स्मृती, वीजपुरवठा इत्यादी. मध्ये कार्यप्रणाली व सर्वांनी मिळून वापरावयाचे कार्यक्रम. सर्वांत वर प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतःचे कागद व आवडीनिवडी. बिघाड यांपैकी कोणत्या थरात आहे हे कळले की अर्धे काम झाले.

ते कळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यातून प्रवेश करून पाहणे. दुसऱ्याचे काम सुरळीत चालत असेल तर दोष पहिल्याच्या वरच्या थरात आहे. कार्यप्रणाली निर्दोष आहे आणि ती पुन्हा बसविण्याचे कारण नाही. दोघांनाही सारखाच त्रास होत असेल, तर यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून पाहावे. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढेच भाग जागे करते. तेथे यंत्र नीट चालले तर दोष बहुधा नंतर बसविलेल्या एखाद्या चालक-कार्यक्रमात वा उपयोजनात असतो. तेथेही ते अडखळत असेल तर प्रणालीच्या मूळ फाईली किंवा यंत्रसामग्री यांवर संशय घेणे योग्य ठरते. ज्या यंत्रावर एकच खाते आहे तेथे ही परीक्षा पहिल्याच पायरीवर अडते, आणि सर्व दुखण्यांवर एकच औषध, म्हणजे डिस्क पुसणे, हे दिले जाते.

वरच्या थरातील एक दोष वारंवार फसवितो. वापरकर्त्याच्या आवडीनिवडींची फाईल बिघडली असता विंडोज त्याला तात्पुरत्या दालनात प्रवेश देते. पडदा कोरा दिसतो, कागद दिसत नाहीत, आणि सर्व गेले असे त्या माणसाला वाटते. वास्तविक त्याचे कागद जुन्या दालनात जसेच्या तसे असतात. उलट या तात्पुरत्या दालनात तो जे नवे लिहून ठेवील, ते बाहेर पडताच पुसले जाते. येथे घाईने नवे काम करणे हीच हानी होय.

पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या ‘शॉर्टकट’ विषाणूचीही गोष्ट अशीच आहे. तो मूळ फाईली बहुधा नष्ट करीत नाही. त्या अदृश्य ठेवून त्यांच्या नावाची फसवी चिन्हे दर्शनी ठेवतो. हे न कळल्यामुळे पेनड्राइव्ह पुसून टाकून, विषाणूने न केलेली हानी माणूस स्वतःच्या हाताने करतो.

तळच्या थरातील बिघाडात वऱ्हाडाच्या परिस्थितीचा वाटा मोठा आहे. उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. फाईल लिहिली जात असता वीज गेली तर लेखन अर्धवट राहते. फॅट व्यवस्थेत असा अर्धवटपणा दुरुस्त करणे कठीण असे. एनटीएफएस किंवा लिनक्समधील एक्स्टी-४ यांसारख्या व्यवस्था आपल्या रचनेत कोणता बदल करावयाचा आहे ते आधी एका रोजनाम्यात टिपून ठेवतात आणि मग बदल करतात. वीज परत आल्यावर रोजनामा वाचून अर्धवट व्यवहार पुरा करता येतो किंवा रद्द करता येतो. मात्र याने फाईलव्यवस्थेची चौकट वाचते. लिहिता लिहिता राहिलेला परिच्छेद वाचेलच असे नाही.

५. पुनःस्थापनेचा क्रम

पुनःस्थापनेत उपाय कोणते यापेक्षा त्यांचा क्रम कोणता याला अधिक महत्त्व आहे. पहिला नियम असा की, कोणताही उपाय करण्यापूर्वी वापरकर्त्यांचे कागद अन्यत्र उतरवून घ्यावेत. विंडोज सुरू होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून हे काम करता येते. कारण प्रणाली मेली तरी डिस्कवरील कागद बहुधा जिवंत असतात. डिस्कच खरखरत असेल किंवा वाचताना वारंवार थबकत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचा कार्यक्रम आधी चालविणे घातक ठरते. अशी दुरुस्ती डिस्कला पुष्कळ श्रम देते, आणि त्या श्रमातच तिचा अंत होऊ शकतो.

कागद सुरक्षित झाल्यावर सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे जावे. शेवटी बसविलेला कार्यक्रम किंवा चालक काढून पाहावा. त्यानंतर ‘सिस्टिम रिस्टोअर’ या सोयीने प्रणाली मागच्या एखाद्या तारखेला न्यावी. ही सोय प्रणालीच्या नोंदी व कार्यक्रम मागे नेते. वापरकर्त्यांच्या कागदांना ती हात लावीत नाही, आणि म्हणूनच हरवलेला कागद ती परतही आणू शकत नाही. शिवाय ती पुष्कळ यंत्रांवर मुळात बंदच असते. बिघाड होण्यापूर्वी ती चालू केलेली असेल तरच तिचा उपयोग. पुढची पायरी म्हणजे प्रणालीच्या मूळ फाईली तपासून बदलून घेणे. त्यानंतर वैयक्तिक फाईली राखून विंडोज पुन्हा बसविण्याची, विंडोज ८ पासून उपलब्ध असलेली सोय. सर्व पुसून नव्याने आरंभ करणे ही शेवटची पायरी.

सेफ मोडचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला कळले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाईलीमुळे सुमारे ८५ लक्ष विंडोज यंत्रे एकाएकी बंद पडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्रक देण्याची वेळ आली. उपाय वस्तुतः क्षुल्लक होता : यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाईल काढून टाकणे. पण अनेक ठिकाणी डिस्क कूटबद्ध होती आणि ती उघडण्याची ४८ अंकी किल्ली जवळ नव्हती. उपाय ठाऊक असूनही दाराशी थांबावे लागले.

६. नाव आणि स्वामित्व

किल्लीचा हा प्रश्न सामायिक यंत्रावर विशेष तीव्र होतो. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते वापरून प्रथम प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. संस्थेचे यंत्र एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या खाजगी खात्याने सुरू केले असेल, तर सर्वांच्या कागदांची किल्ली त्याच्याकडे राहते. तो बदलून अन्यत्र गेला, की पुढे कधीतरी यंत्र किल्ली मागते आणि ती कोणाजवळ आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा घोटाळा नावाचा आहे. माणसाला खाते नावाने ओळखू येते; यंत्र ते क्रमांकाने ओळखते. विंडोज प्रत्येक खात्यास एक दीर्घ ओळखक्रमांक देते आणि फाईलीवर मालक म्हणून तोच नोंदविते. प्रणाली नव्याने बसवून पूर्वीच्याच नावाने खाते उघडले तरी त्याचा क्रमांक नवा असतो. त्यामुळे जुन्या फाईली त्याच माणसाला परक्या म्हणून नाकारल्या जातात. प्रशासक त्यांचे स्वामित्व नव्या खात्याकडे फिरवू शकतो. पण विंडोजच्या ईएफएस सोयीने कूटबद्ध केलेल्या फाईलींच्या बाबतीत, मूळ प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवलेली नसेल, तर तोही हतबल होतो.

लिनक्समध्ये हाच घोटाळा अधिक मूकपणे होतो. तेथील बऱ्याच वितरणांत पहिल्या वापरकर्त्यास १०००, दुसऱ्यास १००१ असे क्रमांक मिळत जातात. घरदालने राखून प्रणाली नव्याने बसविली आणि खाती निराळ्या क्रमाने उघडली, तर पहिल्याच्या फाईलींवर दुसऱ्याचे स्वामित्व येते. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सर्व काही यथायोग्य असते. म्हणून खात्यांची यादी, त्यांचे क्रमांक व त्यांचे अधिकार यांची नोंद यंत्राबाहेर असणे हा पुनःस्थापनेचाच एक भाग होय.

७. न्हावा शेवा, २०१७

वर सांगितलेले तत्त्व मोठ्या प्रमाणावर कसे प्रत्ययास येते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर घडले. जून २०१७ च्या अखेरीस न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक बंद पडल्यामुळे थांबले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश नौवहन-समूहाकडून चालविले जात होते, आणि त्या समूहाची यंत्रे २७ जून रोजी नॉटपेट्या या विनाशकारी कार्यक्रमाच्या तडाख्यात सापडली होती. युक्रेनमधील एका हिशेब-कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो यंत्रांत शिरला. पुढे पसरण्यासाठी त्याने विंडोजमधील एका उणिवेचा उपयोग केला. शिवाय यंत्राच्या स्मृतीत राहिलेले प्रशासकांचे परवलीचे शब्द चोरून, त्याच अधिकाराने तो शेजारच्या यंत्रांत गेला. जेथे अनेक यंत्रांचा प्रशासक एकच होता, तेथे एका यंत्राचा पाडाव हा सर्वांचा पाडाव ठरला.

मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले. परंतु या प्रचंड कामाला आरंभीच एक अडथळा आला होता. कोण वापरकर्ता, त्याचे अधिकार कोणते, ही नोंदवही डोमेन कंट्रोलर या विशेष सर्व्हरांवर असते. जगभर असे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत मेळ राखीत. एक नष्ट झाला तर दुसरा आहे, या भरवशावर त्यांची निराळी प्रत ठेवलेली नव्हती; सर्व एकाच वेळी नष्ट होतील हे कोणाच्या कल्पनेत नव्हते. ते तसे झाले. यंत्रे नवी मिळत होती, प्रणाली पुन्हा बसविता येत होती, इतर माहितीच्या प्रतीही होत्या. पण कोण कोणाचा, हे सांगणारी वहीच उरली नव्हती.

अखेरीस घानामधील कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरील माहिती माणसाच्या हाती इंग्लंडला पोहोचविण्यात आली आणि तिच्यावरून पुढील पुनःस्थापना झाली. वीज जाणे हे एरव्ही संगणकाचे दुर्दैव. येथे तेच तारक ठरले.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. एकमेकांशी सतत मेळ राखणाऱ्या दोन प्रती म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. कारण नाशही त्याच मेळाने दुसरीकडे पोहोचतो. आणि पुनःस्थापनेत सर्वांत मोलाची वस्तू बहुधा सर्वांत लहान असते : वापरकर्त्यांची यादी.

८. तालुक्याच्या यंत्राची व्यवस्था

मोठ्या समूहाजवळ असतात तशी साधने पातूरच्या एखाद्या कार्यालयाजवळ असणे शक्य नाही; पण तत्त्व पाळण्यास फार साधनांची गरज नाही. प्रशासकाचे एक खाते वेगळे असावे आणि त्यावर दैनंदिन काम होऊ नये. नियमाने काम करणाऱ्या प्रत्येकास मर्यादित अधिकाराचे स्वतंत्र खाते असावे. क्षणभर येणाऱ्यांसाठी एक पाहुण्यांचे खाते असावे आणि दिवसअखेर त्यातील सर्व काही पुसले जावे. कोणा शेतकऱ्याच्या आधारपत्राची किंवा बँकेच्या पुस्तकाची चित्रित प्रत पुढील माणसाच्या दृष्टीस पडण्याचे कारण नाही. कागदांची एक प्रत अशा बाह्य डिस्कवर असावी की जी प्रत घेऊन झाल्यावर यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवली जाते, आणि शक्य तर दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. खात्यांची यादी व कूटबद्धतेची किल्ली कागदावर लिहून, लखोटा बंद करून, संस्थेच्या प्रमुखाच्या ताब्यात द्यावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाईल खरोखर परत आणून पाहावी. न तपासलेली प्रत ही केवळ आशा असते.

या व्यवस्थेवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रांग दारापर्यंत गेली असता खाते बदलण्यात वेळ कोण घालविणार? सहकाऱ्याच्याच खात्यात काम उरकले तर बिघडले कोठे? अन्य कामांत या युक्तिवादाला थोडा आधार असेलही. पण यंत्रावर केलेली कृती ज्याच्या खात्यातून झाली त्याच्या नावे नोंदली जाते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला; आता जमिनीच्या कागदावरील स्वाक्षरी ही यंत्रातून होणारी कृती आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमाने, अशा स्वाक्षरीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी दक्षता घेण्याची जबाबदारी ती धारण करणाऱ्यावर टाकली आहे. स्वाक्षरीचे उपकरण यंत्रालाच लावून ठेवून गुप्त क्रमांक सर्वांना सांगितला, तर वाचलेल्या दोन मिनिटांचे मोल फार चढे पडण्याचा संभव आहे.

शिवाय यंत्रांचे वय वाढत आहे. विंडोज १० साठी सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसविणे हा एक मार्ग आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, बॉस या नावाने भारतीय भाषांची सोय असलेले लिनक्स तयार केले आहे. त्या संस्थेचे संस्थापक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातीलच. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध झालेल्या परम ८००० या महासंगणकात अनेक प्रक्रियक मिळून एकच काम वाटून घेत. तालुक्याच्या गावातील प्रश्न याच्या उलट आहे : तेथे एक यंत्र आणि माणसे अनेक. परंतु दोहोंकडे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे कोणाचे काय हे आधी ठरलेले असणे.

यंत्र बिघडणार हे गृहीत धरले पाहिजे. वऱ्हाडातील ऊन व वीज त्याची हमी देतात. बिघाडाच्या दिवशी कारागीर प्रणाली परत आणील. कागद कोणाचे होते हे मात्र त्याला ठाऊक नसते. ती माहिती बिघाडापूर्वीच्या एखाद्या साध्या दिवशी, संस्थेतील माणसांनीच नोंदवून ठेवावी लागते.